मधली पायरी

(वेबुये गावाजवळच्या एका घरातली दुपार. नेलिमा आणि तिची मुलगी खासंडी उद्या एकाच शाळेत शालान्त परीक्षेचा रसायनाचा पेपर देणार आहेत.)

नेलिमा: वीस पॉइंट चार ग्रॅम. झालं.

खासंडी: चुकलं, आई. परत कर.

नेलिमा: तीनदा केलं. तीनदा तेच आलं. मग बरोबरच असेल की.

खासंडी: तीनदा तीच चूक केलीस, म्हणून तेच आलं. पाच पॉइंट चार ग्रॅम ॲल्युमिनियम जाळलं, तर ऑक्साइड किती मिळेल? आधी ग्रॅमचे मोल केलेस?

नेलिमा: केले. सत्तावीसने भागले. शून्य पॉइंट दोन.

खासंडी: मग?

नेलिमा: मग ऑक्साइडच्या एकशे दोनने गुणले.

खासंडी: आणि मधली पायरी? समीकरणातले आकडे काय शोभेला लिहिलेत?

नेलिमा: ओरडू नकोस. शेजारी ऐकतील.

खासंडी: शेजाऱ्यांचं काय घेऊन बसलीस? काल परीक्षेचे नंबर वाचले तेव्हा अख्खी शाळा ऐकत होती. तुझं नाव पुकारलं आणि मुली हसायला लागल्या. ‘खासंडीची आई डबा घेऊन आली वाटतं.’

नेलिमा: ऐकलं मी. रांगेतच होते.

खासंडी: मग बोलली का नाहीस काही?

नेलिमा: काय बोलू? डबा नव्हता माझ्याकडे.

खासंडी: थट्टा करू नकोस. बुंगोमाच्या शाळेतून परीक्षेला नाव घालता आलं असतं तुला. तिथे कोणी ओळखत नाही आपल्याला.

नेलिमा: रोज बुंगोमाला गेले तर इथल्या दवाखान्यातली माझी झाडलोट कोण करणार? इथून पेपर देऊन कामावर तरी जाता येतं.

खासंडी: मग पुढच्या वर्षी दे. मी शाळेतून बाहेर पडल्यावर. तुला नर्सिंगला जायचंय, त्याला रसायन लागतं, माहितीये मला. पण इतकी वर्षं थांबलीस, अजून एक वर्ष थांबलीस तर काय बिघडलं?

नेलिमा: मोलचा धडा चालू होता गं.

खासंडी: कधी?

नेलिमा: मला शाळेतून काढलं त्या दिवशी. बाई फळ्यावर गणित सोडवत होत्या. अर्धं झालं होतं, तेवढ्यात मुख्याध्यापिकेने बोलावून घेतलं. माझं पोट दिसायला लागलं होतं. तिथूनच घरी पाठवलं. दप्तरासाठीसुद्धा वर्गात जाऊ दिलं नाही. एका मुलीने खिडकीतून आणून दिलं.

खासंडी: तू तर म्हणायचीस, फी भरायला पैसे नव्हते.

नेलिमा: फी म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही.

खासंडी: पोटात मी होते.

नेलिमा: तू.

खासंडी: म्हणजे माझ्यामुळे शाळा सुटली तुझी.

नेलिमा: वेडी आहेस का? तुला जग तरी माहीत होतं का? काढलं त्यांनी. तुझा काय संबंध?

खासंडी: चहा ठेवते मी.

नेलिमा: चहा नंतर. बस इथे. मधली पायरी सांग.

खासंडी: आई, राहू दे आता.

नेलिमा: राहू कसं देऊ? उद्या पेपर आहे.

खासंडी: तूच वाच मग. समीकरण काय म्हणतंय?

नेलिमा: ॲल्युमिनियमचे चार. ऑक्साइडचे दोन. चारातून दोनच मिळतात… म्हणजे निम्मे. माझ्याकडे शून्य पॉइंट दोन. त्याचे निम्मे शून्य पॉइंट एक.

खासंडी: काय एक? ग्रॅम?

नेलिमा: मोल. आता एकशे दोनने गुणायचं. दहा पॉइंट दोन ग्रॅम.

खासंडी: हं.

नेलिमा: हं म्हणजे काय?

खासंडी: बरोबर आहे म्हणजे.

नेलिमा: अजून एक घाल. याहून अवघड.

खासंडी: घालते. सकाळी किती वाजता निघायचं आपण?

नेलिमा: तू जा मैत्रिणींबरोबर. मी येईन मागून.

खासंडी: एकत्र जाऊ.

नेलिमा: तू गणवेशात, आणि मी ही अशी, साध्या कपड्यांत. बरं दिसेल का?

खासंडी: दिसू दे.