तीनही आठ, पाचही आठ

…आणि वर मलाच विचारतात, "साहेब, मशीन खराब आहे का हो तुमचं?" अहो, मशीन कशाला खराब असेल! तुम्हाला सांगतो, सोळा वर्षं झाली मी ही छपाईची मशीनं दुरुस्त करत गावभर फिरतोय, मशीन बिचारं सांगितलं तेवढं करतं, पण मी दारात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य काय कानावर येतं? "आम्ही काही केलं नाही, आपोआप झालं." झाकण तुटलंय… आपोआप! स्क्रू गायब आहेत… आपोआप! एकदा तर पंपाच्या नळीत बिस्किटाचा रिकामा पुडा निघाला, तोही आपला एकटाच चालत आत गेला असणार, नाही का? कुठेही जा, मशीनला कुणीही हात लावलेला नसतो!

आता मशीन म्हणजे तुमच्या ऑफिसातल्या टेबलावरचं खोकं नव्हे हं. दोन डबल पलंग शेजारी शेजारी लावावेत एवढं सपाट टेबल, त्याला हजारो बारीक भोकं, आणि खाली पंप. पंप हवा खाली ओढतो, मग वर ठेवलेली काच असो, पत्रा असो, प्लॅस्टिकची पाटी असो, टेबलाला अशी गच्च बसते की सासरी आलेला पाहुणासुद्धा तेवढा बसत नाही. आणि तिच्यावरून हेड इकडून तिकडे पळतं आणि शाईचे थेंब सोडतं. पाटीपासून किती वर? दोन मिलिमीटर. फक्त दोन! हेड त्याच्या वर राहिलं की थेंब वाटेतच भरकटतात, आणि अक्षराच्या कडेला काळं धुकं धरतं. शाई उडते, असं म्हणतात आमच्यात.

तर एके दिवशी फोन आला, शाई उडतेय. छापखान्याचं नाव ऐकलं आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू! कारण तिथे मशीनवर कोण? माझे सासरे! एकतीस वर्षं तिथेच, राहायलाही छापखान्याच्या मागच्याच खोलीत, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. आणि या मास्तरांनी माझ्या लग्नाच्या बोलणीत, माझ्या आईवडिलांसमोर, माझ्या काकांसमोर, स्वतःच्या मुलीला काय सांगितलं असेल? "बघ बाई, पाने-पक्कड घेऊन दारोदार फिरणारा आहे." बस! तेव्हापासून आमच्या घरात माझं नाव पाने-पक्कड. आठ वर्षं! आमच्याकडे आले की खुर्चीत टेकायच्या आधी म्हणणार, ही फोटोची चौकट वाकडी आहे, त्या नळाचा आटा गेलाय, जावईबापू, तुमच्या शर्टाचं तिसरं बटण वेगळ्या दोऱ्यानं लावलंय. नजर म्हणजे नजर, म्हणायचे, मला दुरून दिसतं. गेल्या वर्षभरात हे जरा कमी झालं होतं. मला वाटलं, मवाळ झाले. किती गाढव असावं माणसानं!

आणि शाई उडाली होती कशावर, ऐका. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या तक्त्यांवर! ते नसतात का, वर मोठं अक्षर, खाली बारीक बारीक होत जाणारं? तसले वीस तक्ते छापून गेले होते, मास्तरांनी पास केले म्हणजे पास, तिथे दुसरं कुणी बघतच नाही. डॉक्टरांनी तक्ता भिंतीला लावला, आणि धडाधड सगळ्यांचे नंबर वाढायला लागले. अकरा जणांना जाड चष्मे देऊन झाले, बाराव्याच्या वेळी डॉक्टर स्वतः तक्त्यापाशी गेले, मग घाबरून दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन आधी स्वतःचे डोळे तपासून आले, आणि मग कुठे छापखान्यात फोन!

मी दहाला पोचलो. मास्तर मशीनपाशी हाताची घडी घालून उभे. म्हणाले, मशीन तुमच्या कंपनीचं, दुखणं तुमच्या कंपनीचं, इथे कुणी हात लावलेला नाही. मी म्हटलं, असतोच कुठे! आणि लागलो कामाला. आधी भोकं बघितली. पाटीच्या भोवती टेबलाची जी भोकं उघडी राहतात ना, ती हवा ओढत बसतात, आणि त्या वाऱ्यानं कडेचे थेंब तिकडे खेचले जातात, म्हणून त्यांच्यावर कागद पसरून चिकटपट्टी लावायची. लावली. छापलं. धुकं तसंच! मागून आवाज, "हं, पाने-पक्कड झालं." मग म्हटलं, प्लॅस्टिकवरचा संरक्षक कागद सोलताना पाटीत वीज भरते, ती थेंबांना इकडे तिकडे ओढते, तर पाटी नीट पुसली, मशीनची जमिनीत गेलेली तार तपासली. छापलं. धुकं! मागून आवाज, "हेड बदला म्हणतो मी, पण ऐकतंय कोण." मग हवेतला ओलावा मोजला, हवा कोरडी असली तरी हे होतं, तर तो अगदी पाहिजे तेवढा. मग हेड धुतलं, एकेक नळी बघितली, गुडघे फुटले माझे, आणि हा माणूस माझ्या डोक्यावर उभा राहून माझ्याच मशीनचं मला शिकवतोय!

शेवटी मशीनच्या पोटातली नोंद उघडली. पाटी किती जाड आहे ते मोजून मशीनला सांगावं लागतं, त्यावर हेड किती वर ठेवायचं ते ठरतं, आणि मशीन ते सगळं लिहून ठेवतं. बघतो तर काय? तीन मिलिमीटरचा फोम, जाडी आठ. पाच मिलिमीटरचं प्लॅस्टिक, जाडी आठ. सहाची काच, तीही आठ! तीन महिने सगळं जगच आठ! मी मापाचा चिमटा घेतला, तो आकडे दाखवणारा असतो ना, तो, आणि पाटीला लावला. पाच. स्वच्छ पाच. मास्तरांच्या हातात दिला, "किती आले हो बाबा?" त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला, परत जवळ धरला आणि म्हणाले, "आठ. दिसत नाही का?"

कळलं ना तुम्हाला? ते आकडे छोट्या छोट्या काड्यांचे असतात, तिनाला दोन काड्या जोडा, पाचाला दोन, सहाला एक, की झाला आठ! ज्याला नीट दिसतच नाही त्याला सगळेच आठ. पाटी पाचची, मास्तर सांगणार आठ, म्हणजे हेड तीन मिलिमीटर उगाच वर, आणि शाई चालली उडत.

साडेअकरा वाजले होते. आता लपवून काय करू, मला तेव्हाच सगळं कळलं होतं. बाजूला घेऊन हळूच म्हणायचं होतं, बाबा, डोळे दाखवून घ्या. एका चष्म्यावर भागलं असतं! पण माझ्या डोक्यात काय आलं? पाने-पक्कड आलं. आठ वर्षं आली. मी म्हटलं, अजून तपासायला लागेल… आणि मालकीणबाई चारला येतात, तोपर्यंत नुसती मशीनची झाकणं उघडत-मिटत बसलो. दुपारी मास्तरांनी त्यांच्या डब्यातलं अर्धं मला वाढलं. मी खाल्लं. वर आणखी मागितलं.

चारला मालकीणबाई आल्या. बाई अशी की हसली तर हिशेबात चूक निघाली समजावं. मी जाडी पाच घालून एक ताजा तक्ता छापला, काचेसारखा लख्ख. तो आणि जुना उडालेला, दोन्ही मास्तरांसमोर उभे धरले आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "बाबा, यातला बिघडलेला कुठला?" मास्तरांनी एक क्षणही घेतला नाही. चांगल्यावर बोट ठेवलं! आणि नुसतं बोट ठेवून थांबतील तर मास्तर कसले, त्यात काय काय बिघडलंय ते समजावून सांगायला लागले, कडा बघा, म्हणे, कशा फुटल्यात. मी थांबवलं नाही. पाच मिनिटं बोलू दिलं. बाई म्हणाल्या, "मास्तर, खालची ओळ वाचा." त्यांनी वाचली, धडाधड, गेल्या वर्षी छापलेल्या तक्त्यावरची, पाठ असलेली! या तक्त्यावर ती नव्हतीच.

"उद्यापासून येऊ नका, मास्तर," बाई म्हणाल्या.

एकतीस वर्षं, आणि चार शब्द. मास्तरांनी पंप बंद केला, टेबलावरची पाटी सुटली, ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलून भिंतीला टेकवली आणि हात पुसले. मला वाईट वाटलं का? खरं सांगतो, तेव्हा नाही वाटलं. तेव्हा मी अहवालावर लिहीत होतो, "मशीन निर्दोष. कारण, चालकाची चूक." खाली वेळेच्या नोंदी, ठसठशीत सही, आणि गाणं गुणगुणत घरी!

घरी गेलो आणि दोन दिवस काय झोप लागली! तिसऱ्या दिवशी दार वाजलं. उघडतो तर दारात पत्र्याची पेटी, तिच्यावर गादीची वळकटी, आणि मागे मास्तर. अहो, ती मागची खोली! नोकरी गेली की खोली गेली, नवा मशीनवाला राहायला येणार होता. हे माझ्या डोक्यातच आलं नाही! माझ्या दोन खोल्या, आणि त्यातली एक आता मास्तरांची. बायको माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, म्हणाली, कुणीतरी मेल्यानं बाबांची चुगली केली असणार. मी म्हटलं, असेल कुणीतरी. मशीनला हात लावलेला नसतो ना कुणी!

तिनंच त्यांना चष्मा करून आणला. त्याच डॉक्टरांकडून, नव्या तक्त्यावर. आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून मास्तरांना सगळं दिसतं. चौकट दिसते, आटा दिसतो, मी बायकोपासून लपवून ठेवलेली तंबाखूची पुडी दिसते, आणि महिन्यापूर्वी एका दुपारी ती बाहेर गेलेली असताना माझ्या पिशवीतल्या अहवालाची प्रतसुद्धा दिसली. पहिल्या अक्षरापासून वाचली त्यांनी, बोट फिरवत फिरवत.

"बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. "मीही हेच लिहिलं असतं."

आठ वर्षांत पहिल्यांदा चांगलं बोलले हो माझ्याबद्दल!

"दोष सापडला, साडेअकरा," त्यांनी पुढे वाचलं. "मालकांना दाखवला, चार." चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला आणि माझ्याकडे बघितलं. "साडेचार तास होते की जावईबापू तुमच्याकडे."

कागदाची घडी घातली त्यांनी, आपल्या पेटीत ठेवली, कुलूप लावलं. संध्याकाळी बायको आली, तिला काही बोलले नाहीत. आजतागायत बोललेले नाहीत. ओरडत नाहीत, टोमणा नाही, पाने-पक्कड तर तोंडातून गेलंच. अंथरुणात पडल्या पडल्या सकाळी फक्त एवढंच म्हणतात, "जावईबापू, चहा टाकता का?"

टाकतो.