शोभाताईंच्या पुरणपोळीची पाटी

चहा घ्या, तोवर शेजारच्या शोभाताईंच्या पाटीचं सांगते. ताईंनी इथं हिंदी मुलखात, खंडेराव गेटजवळ, घरूनच पुरणपोळ्या विकायला काढल्या. आठवडाभर एकही खपली नाही, म्हणून त्यांच्या डिझाईन शिकलेल्या लेकीनं, मृणालनं, पाटी केली. पाटीवर नुसता पिवळा गोल! अक्षर लिहिलं की डिझाईन बिघडतं म्हणे.

"अगं, पोळी कुठंय?" मी विचारलं.

"मावशी, हीच पोळी. लोक बरोबर ओळखतात."

दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ आले. "आंटी जी, छत पर सोलर आप ही लगवाती हैं?"

मग मी मध्ये पडले. खऱ्या पोळीचा फोटो लावायला सांगितला, तुपासकट. तर जो तो म्हणे, "दो आलू के पराठे, अचार अलग से." गोड आहे म्हटलं की माघारी.

ताई रडकुंडीला आल्या. मी म्हटलं, "पोळी राहू द्या, तुमचाच फोटो लावा. हात जोडलेला. घरगुती वाटेल."

फोटो लागला आणि संध्याकाळी समोरचे दुबेजी चार माणसं घेऊन दारात हजर. "भाभीजी, पार्षदी का चुनाव लड़ रही हैं, और हमें बताया तक नहीं?"

ताई नगरसेवक व्हायला निघाल्यात असं वाटलं त्यांना! मीच पाचही जणांच्या हातावर गरम पोळी ठेवली. दुबेजींनी खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाले, "वोट तो आपका पक्का. बस, चार और बाँध दीजिए."