रोवण्यातलं गाणं

ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन जावा बसल्या होत्या. धाकटी साधना थोरल्या कुंताबाईला उकडलेलं अंडं सोलून देत होती.

"खा बाई. डॉक्टरनं ताकतीचं खा म्हटलं."

"साल झालं, खाऊनच राह्यली. आंग धुतलं तरी दिवसभर पडून राहा लागते."

"मले तं कोणी अंडं सोलून देत नाई."

"हे घे तू. अन् तुहा धानाचा रोवणा मले दे."

"रोवण्यात काय हाय? चिखलात वाकून रोपं लावता लावता कंबर मोडते."

"गाणं हाय. पह्यली ओळ मी उचलत होती, आता तू उचलते."

"तं यंदा वावराच्या धुऱ्यावर बसून तूच उचल. आम्ही बाया मागून म्हणू."

"अन् दम पुरला नाई तं?"

"तं मी हावोच."

कुंताबाईनं जावेच्या हातातलं अंडं ओढून घेतलं.

"दे इकडे."