रखमाजी कासाराचा न सोडलेला जप

ऐका. जरा जवळ सरका, मला मोठ्यानं बोलवत नाही. यमुने, ती लाकडं पुढं सार गं. हां, असं.

रखमाजी कासार दिवेलागण झाल्यावर घरातून निघाला. नवरात्राची नववी रात्र. कमरेला पाण्याचा तांब्या, काखेत फडक्यात बांधलेला देवीचा हिरवा चुडा, गळ्यात जपाची माळ. जायचं होतं डोंगरावरच्या देवळात. आणि मधे ती खिंड.

बायको पारू दारात आडवी आली. "सकाळी जावा की! या वेळेला खिंडीतनं कुणी जातं का?"

"सकाळपर्यंत पोर..." त्यानं कंदील उचलला.

आत त्यांची सात वर्षांची सगुणा तापानं फणफणली होती. वैद्याचं औषध झालं, डॉक्टरची सुई झाली. ताप हटत नव्हता. म्हणून तर बापानं नऊ दिवस जप केला.

"बुवांनी रोजचं पाणी रोज सोडायला सांगितलं होतं," पारू म्हणाली. "तुम्ही जप साठवलात. बांगड्या साठवतात तसा!"

"तिच्या पायाशी सगळा एकदम सोडतो. थोडं थोडं दिल्यानं देवीला काय दिसणार?"

आता ही त्याची चूक. नीट ध्यानात घ्या.

भैरूबुवा गोसाव्यांनी त्याला मंत्र दिला होता. *ऐं ह्रीं क्लीं चामुण्डायै विच्चे.* अर्थही सांगितला होता. "ऐं ती सरस्वती, ह्रीं ती लक्ष्मी, क्लीं ती काली. तिघी मिळून एकच आई, चामुंडा. विच्चे म्हणजे, आई, बांधलेली गाठ सोडव. हे कुणाला मारायचं हत्यार नाही, बरं का." माळ कापडाखाली धरायची. ओठ हलू द्यायचे नाहीत. वरचा मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. आणि जप झाला की हातावरून पाणी सोडायचं, "आई, हे तुझं" म्हणायचं, मगच उठायचं. बुवा म्हणाले होते, "न सोडलेला जप म्हणजे उघडं ठेवलेलं दूध. कोण तोंड घालील, सांगता येत नाही."

रखमाजी नऊ दिवस तसाच उठला. पाणी न सोडता.

खिंडीत शिरला. वारा पडलेला. पाचोळा तेवढा पायाखाली वाजतोय. वळणावर दगडावर एक म्हातारा बसलेला. ओंजळ पुढं केलेली.

"दादा, पाणी घाल रे."

रखमाजीचा जीव मऊ. तांब्या सोडला, कंदील वर धरला, वाकला. म्हातारा गोड आवाजात म्हणाला, "घाल. आणि 'दिलं' म्हण."

रखमाजी थबकला. तहानलेला माणूस असं कुठं बोलतो? त्यानं ओंजळीकडं नीट पाहिलं. अरे देवा! तळहातावर एकही रेष नव्हती. काचेसारखा सपाट हात!

तो पळाला. पळाला म्हणजे काय, जीव घेऊन पळाला! पुढच्या वळणावर पुन्हा तोच दगड. दगडावर सगुणा. अंगात तापातलं तेच परकर-पोलकं.

"बाबा, घसा सुकलाय. पाणी दे ना. दिलं म्हण ना."

पाणी दिल्याशिवाय कोण बाप राहील हो? रखमाजीचा हात तांब्याकडं गेलासुद्धा. पण ओंजळ तीच. रेष नसलेली. त्यानं डोळे गच्च मिटले आणि तांब्या दरीत भिरकावला. खणखण करीत खाली गेला.

आणि मग ते चिडलं!

त्यानं रखमाजीला पायाला धरून उचललं आणि दगडावर आपटलं. एकदा. दोनदा. कंदील फुटला. तोंडातून दात पडला. रखमाजी ओरडतोय, कोण ऐकणार?

"तुझ्यापाशी नऊ दिवसांचा जप आहे," ते कानाशी घुरघुरलं. "वास येतोय मला. मी याच मंत्रानं सख्ख्या भावाला मारायला बसलो होतो, इथंच. पुरा व्हायच्या आत मेलो. देवीआईनं माझा जप घेतला नाही. तुझा दे. माझा पुरा होऊ दे. भाऊ मेला, पण त्याचा वंश आहे."

"नाही देणार. माझ्या पोरीसाठी केलाय."

त्यानं उजव्या हाताचं एक बोट धरलं आणि मोडलं. काडकन!

"म्हण, दिलं."

"नाही!"

दुसरं मोडलं. मग तिसरं. ज्या बोटांनी माळ ओढली ती बोटं, बरं का. रखमाजी गुरासारखा हंबरला, पण तो शब्द त्यानं काढला नाही.

मग ते हसलं. "पाणी सांडलंस? रक्तावरही भागेल माझं." काखेतला चुडा त्यानं दगडावर चेचला. हिरव्या काचांचा चुरा झाला. त्या चुऱ्यावर रखमाजीचा मोडका हात ठेवला आणि वर गुडघा देऊन रगडला. काच मनगटात घुसली. रक्त आलं, भळाभळा आलं. आणि त्या रक्ताखाली त्यानं आपली सपाट ओंजळ धरायला हात पुढं केले.

रखमाजीनं ते पाहिलं. देऊळ दूर. दिवा नाही, पाणी नाही, अंगात उठायचं बळ नाही. देवीचे पाय कुठून आणणार? आणि तेव्हा त्याला कळलं हो, की पाय लागतच नव्हते. रोज घरात, चुलीपाशी बसून ती घेणारच होती.

त्यानं सगळं बळ एकवटलं. काचेतून हात ओढून काढला. कातडं फाटलं, फाटू दे! हात मातीवर पालथा दाबला. रक्त मातीत गेलं.

"आई," तो म्हणाला, "हे तुझं."

झालं. एवढंच.

त्या भुतानं अशी किंकाळी फोडली की वरचे धोंडे सुटून घरंगळत आले. एक रखमाजीच्या पायावरून गेला. ते मातीवर पडून जिभेनं चाटत होतं, उकरत होतं. पण मातीत आता त्याच्यासाठी काही नव्हतं. रखमाजी कोपरांवर सरपटत निघाला. मागं वळून पाहिलं नाही. सरपटताना रडत होता. मार खाल्ला म्हणून नाही. घाईत सगुणेचं नाव घ्यायचं राहून गेलं म्हणून. सगळा जप दिला आणि मागितलं काहीच नाही.

उजाडता घराच्या पायरीशी पोचला. पारूनं त्याची दशा पाहिली आणि तोंडावर हात ठेवला.

"पोर?" त्यानं विचारलं.

"पहाटे दरदरून घाम सुटला. आता भाकरी मागतेय," पारू म्हणाली. आणि खाली बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

आता ताप देवीनं उतरवला की सुईनं, मला विचारू नका. मी शिकलेला नाही. पण रखमाजीचा तो हात पुन्हा सरळ झाला नाही. कासाराचा हात! बायका यायच्या, तो नुसता पेटी उघडून बसायचा. मोठी झाल्यावर बांगड्या सगुणा भरायची. दुखू न देता, हलक्या हातानं. बाजारात तशी बांगडी कुणी भरत नव्हतं म्हणतात.

तेव्हा बाळांनो, त्या खिंडीची वाट अंधारात धरू नका. सोबत असली तरी नको. आणि जप केलात, तर पाणी सोडल्याशिवाय उठू नका. ते अजून दगडावर बसलेलं आहे, ओंजळ पुढं करून. आणि आवाज फार गोड आहे त्याचा.