दिसेल ते मोठ्यानं

(अकोटहून अकोल्याकडे निघालेली लाल गाडी. समोरच्या काचेवर 'प्रशिक्षण' अशी पाटी. मागची सगळी सीटं रिकामी. स्टेअरिंगवर अब्दुल रहीम. बॉनेटशेजारी त्याला शिकवायला आलेली प्राजक्ता.)

प्राजक्ता : पुन्हा गप्प झालात. दिसेल ते मोठ्यानं बोलायचं, रहीमभाई. कालही तेच ठरलं होतं.

रहीम : लाज वाटते ना, मॅडम. याच सीटवर दाढी पिकली. आता पयलीतल्या पोरावानी मनू का, हा बैल, हे झाड?

प्राजक्ता : म्हणा. ऐकायला मी एकटीच आहे.

रहीम : अन् हे खाली सीटं. बरं, घ्या मंग. समोर बैलगाडी, कापूस भरलेली. गाडीवान वरत झोपला. बैल जागे हायेत.

प्राजक्ता : मग तुम्ही काय करणार?

रहीम : बैलांवर भरोसा ठेवतो. हारन नाई वाजवत. बिचकले तं कापूस नालीत, अन् शिव्या माह्या मायले. हे घेतली बाजूनं. डाव्या हाताले दोन पोरी, एकाच सायकलीवर. मांगच्या पोरीची ओढनी चाकापाशी लोंबून राहिली. ए बेटी, ओढनी! पाह्यलं तिनं. हसून राहिली, पागल.

प्राजक्ता : ओढणीचं टोकसुद्धा दिसतं तुम्हाला. मग तक्रारी कशाच्या येतात?

रहीम : कागद तुमच्याजवळ हाय ना.

प्राजक्ता : कागद राहू द्या. तुमच्या तोंडून.

रहीम : कवठाच्या फाट्यावर ब्रेक लागते. कोनी नसते, तरी लागते. मी लावत नाई, पाय लावते. एका म्हाताऱ्या मायचा दात पडला समोरच्या दांडीवर. एकुलता एक दात होता तिचा. डेपोतले पोट्टे मले धक्कासाहेब मनतात.

प्राजक्ता : आजच्या फेरीनंतर मला डेपोत सांगायचं आहे, गाडी तुमच्या हातात ठेवायची की तुम्हाला गेटवर बसवायचं. हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

रहीम : गेटवर बसून काय करू? आल्या-गेल्या गाड्यायले हात दाखवू?

प्राजक्ता : हात का म्हणालात?

रहीम : असंच.

प्राजक्ता : चोहोट्टा गेलं मागे. फाटा यायला अजून वेळ आहे. सांगा तोवर.

रहीम : काय सांगू? साधी गाडी हात दाखवला का थांबते. जलद थांबत नाई. हे लेकराले बी मालूम. पन गाडी तं दोन्ही लालच ना, मॅडम. त्या दिवशी साधी अकोटातच बिघडली, अन् तिच्या टायमाले मी निंघालो जलद घेऊन. कवठाच्या फाट्यावर एक मानूस रस्त्याच्या मधात येऊन उभा राहिला. मी हारन दिला, लाईट दिला. तो हटलाच नाई. सगळा जोर टाकला ब्रेकवर. गाडी थांबली. पन त्याच्या पलीकडं जाऊन थांबली.

प्राजक्ता : चौकशीत तुमची चूक निघाली नाही.

रहीम : नाई. सायबानं पाठीवर हात ठेवला. मने, अब्दुल, त्यानं सोताहून जीव दिला, तू घरी जाऊन झोप. आता घरी गेलो, हे खरं.

प्राजक्ता : तुम्हाला काय वाटतं? जीव दिला?

रहीम : समोर ट्रॅक्टर. संत्र्याच्या पेट्या. मांगचा लाल दिवा फुटेल हाय.

प्राजक्ता : रहीमभाई.

रहीम : दिसते ते बोलून राहिलो, मॅडम. तुमीच तं सांगतलं.

प्राजक्ता : बरं. आता फाट्यावरचं ते कवठाचं झाड दिसायला लागलं. पाय हलका ठेवा. ब्रेक मारायचा नाही, फक्त वेग कमी करायचा. आणि बोलायचं. काय दिसतं?

रहीम : काई नाई.

प्राजक्ता : खरं सांगा.

रहीम : तुमी मले पागल ठरवसान.

प्राजक्ता : नाही ठरवणार.

रहीम : मधात उभा हाय.

प्राजक्ता : कसा आहे?

रहीम : पांढरा सदरा. धुतलेला. टोपी. पायापाशी पिशवी. हात वर.

प्राजक्ता : वेग असाच राहू द्या. तुमची नजर त्याच्यावर खिळली आहे. नजर जिथे अडकते तिथेच माणूस अडकतो, आणि बाकीचा रस्ता आंधळा होतो. आता मान डावीकडे वळवा.

रहीम : नाई होत.

प्राजक्ता : झाडाखाली बघा. एकदाच.

रहीम : या अल्ला.

प्राजक्ता : काय दिसलं?

रहीम : बाई हाय एक. हिरवं लुगडं. तिचा बी हात वर. मॅडम, तुमाले दिसते का?

प्राजक्ता : मला काल पण दिसली. तुम्ही मधल्या माणसासाठी ब्रेक लावलात, आणि ती गाडीकडे धावत आली तोवर तिच्या अंगावर धूळ उडवून निघून गेलात. थांबवा गाडी. थांबवा ना जी.

रहीम : पाटी वाचता येत नाई का तिले? ही शिकाची गाडी हाय.

प्राजक्ता : तिला गाडी नको असेल. या बाई, कुठे जायचंय?

दुर्गाबाई : जाचं तं अकोल्याले हाय, माय. पन आधी या भाऊले पाहू दे. हो, हाच. दाढी तवा काळी होती तुमची.

रहीम : मी ओळखत नाई तुमाले.

दुर्गाबाई : कसे ओळखसान? लय दिवसांपासून इथं उभी राहून राहिली मी. दुसऱ्या गाड्या थांबतात, त्याईत मले बसाचं नसते. तुमची गाडी थांबते, अन् मी पदर खोचून धावत आली का निंघून जाते. मले वाटे, हा मानूस माही मस्करी करून राहिला.

रहीम : मी पाह्यलंच नाई तुमाले. कसम से.

दुर्गाबाई : ज्याईच्यावरून तुमची गाडी गेली, त्याईची मी बायको. नाव घेत नाई मी त्याईचं.

रहीम : सूर्यभान.

दुर्गाबाई : तुमाले पाठ हाय.

रहीम : नमाजात येते मधात.

प्राजक्ता : वर या, बाई. बसा इथे. पाणी घ्या.

दुर्गाबाई : पानी मंग. भाऊ, मी भांडाले आली नाई. एकच इचाराचं हाय. त्या सकाळी हे न सांगता निंघाले. तवा घरोघरी असंच चालू होतं, कोनी न सांगता उठलं का बाया पयले गोठ्यात धावत. मी बी धावली. फवारनीची बाटली होती जाग्यावर. झाकन बी लागेल होतं. मी तिथंच बसली खाली, मनलं, वाचली मी. अन् घडीभरानं रस्त्यावरून पोट्टे बोंबलत आले.

रहीम : बाई...

दुर्गाबाई : गाव मनते, बाटली नाई घेतली, गाडी घेतली. पंचनाम्यात तसंच लिहिलं. लेक मले इचारते, बाबा आपल्याले टाकून गेले का? काय सांगू तिले? कापूस वेचतानी गानं येते तोंडात, तं तेही तिथंच अडते.

प्राजक्ता : कोणतं गाणं?

दुर्गाबाई : माहंच हाय, मनातलं.

लाल गाडीची ही धूळ, बसे कापसाच्या बोंडा,
सखा निंघाला कुठसा, शब्द नाई आला तोंडा.

इथून पुढं येतच नाई. म्हनून इचारते, भाऊ. गाडीसमोर उभे होते तवा त्याईचे हात कसे होते? खाली सोडेल होते? का जोडेल होते?

रहीम : वर होता. उजवा.

दुर्गाबाई : नीट आठवा.

रहीम : आठवा लागत नाई बाई, रोज पाहतो. गाडी थांबवाले करतात तसा. अन् हसून राहिले होते. ओळखीची गाडी आल्यावर मानूस हसते ना, तसे. पिशवी खाली ठेवली होती पायापाशी. चढतानी उचलतात तशी. मी जबानीत सांगतलं हे सारं. लिहिणाऱ्यानं लिहिलंच नाई. मने, असल्या सालात कास्तकार रस्त्याच्या मधात दुसरं कायले उभा राहीन?

दुर्गाबाई : पिशवी होती? मले कोनी पिशवी नाई दिली.

रहीम : फाटली होती. कवठं होते तिच्यात. सारे घरंगळले रस्त्यानं. एक येऊन माह्या चाकापाशी थांबलं.

दुर्गाबाई : कवठं.

रहीम : या झाडाचेच असतीन.

दुर्गाबाई : लेकीले, शकुनले दिवस होते तवा. अकोल्याले सासरी होती. तिनं निरोप धाडला होता, आंबट खावं वाटते, कवठ पाठव. मी मनलं होतं, आता कोन जाते कवठं घेऊन, वेचनी पडली हाय. हे ऐकत बसले होते दारात. बोलले नाई काई.

प्राजक्ता : लेकीकडेच निघाले होते ते.

दुर्गाबाई : हो, माय. अन् हसत होते.

रहीम : मले माफ करा, बाई. साधी समजून हात दाखवला त्याईनं, अन् मी जलद घेऊन आलो.

दुर्गाबाई : तुमी ब्रेक लावला होता ना?

रहीम : अजून लावतो.

दुर्गाबाई : आता नका लावू. गाडीत बसले ते कवाचे. लेकीच्या घरी पोचले.

प्राजक्ता : पाणी घ्या आता.

दुर्गाबाई : दे. अन् या शिकाच्या गाडीत मले बसू देता का? अकोल्यापर्यंत? शकुनले आजच सांगाचं हाय.

प्राजक्ता : बसा. मीही मागे येते तुमच्याजवळ.

रहीम : मॅडम, तुमी मांगं? मंग माहा ब्रेक कोन पाहीन?

प्राजक्ता : तुम्हीच बघा. मला इथून फक्त ऐकू आलं पाहिजे. मोठ्यानं बोला.

रहीम : आरशात तुमी दोघी. मांगून मोटारसायकल येऊन राहिली. जाऊ देतो तिले. गेली. समोर रस्ता.

प्राजक्ता : मधे?

रहीम : मधात कोनी नाई.

प्राजक्ता : डावीकडे?

रहीम : डावीकडं कवठाचं झाड. खाली एक कवठ पडेल हाय. थांबा जरा, बाईच्या नातवंडासाठी ते घेऊन येतो.