त्रेचाळीस घरांचा एक अंगठा

जबाब, दि. २१ नोव्हेंबर २०२५

मी, निर्मला रवींद्र इंगोले, वय ६२ वर्षे, धंदा सेवानिवृत्त शिक्षिका, रा. सेनगाव, जि. हिंगोली. पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून सांगते की,

सप्टेंबरच्या पुरात पुसेगावजवळच्या बंजारा तांड्यातले सर्व धान्य वाहून गेले. जनावरे वाचली. एका संस्थेने तेथील त्रेचाळीस घरांसाठी गहू-डाळीची त्रेचाळीस पोती पाठवली. या मदतीला खर्च किती आला आणि तिचा उपयोग किती झाला, हे मोजण्याचे काम संस्थेने माझ्याकडे दिले होते.

मोजण्याची सवय मला जुनी आहे. बहात्तरच्या दुष्काळात जालन्याच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हा मुलींना सुकडी देत आणि दर शनिवारी वजन करून पाटीवर लिहीत. माझे वजन पावशेराने वाढले तरी ती पाटी साऱ्या वर्गाला दाखवत. हा मजकूर जबाबात नको, असे हवालदारांचे म्हणणे पडले. मी लिहा म्हटले.

गुरांचे व्यापारी गुलाबचंद यांनी तक्रार दिली आहे की, वाटपाच्या यादीवर एकच अंगठा असून तांड्यातल्या मोतीबाई राठोड, वय ५५, यांनी बाकी बेचाळीस घरांचे धान्य गिळंकृत केले. मोतीबाईंवर गुन्हा दाखल होणार असे कळल्याने मी आले आहे.

अंगठा एकच आहे हे खरे. पोती आली त्या दिवशी मी तांड्यावर हजर होते व जनावरे मोजून घेतली, ती अठ्ठावन्न भरली. गुलाबचंद यांचा टेम्पोही तेथेच उभा होता. त्या अठ्ठावन्नांतली एकतीस जनावरे त्यांना निम्म्याहून कमी भावात द्यायचे लोकांनी ठरवले होते. मोतीबाईंनी साऱ्या घरांच्या वतीने एकच अंगठा दिला आणि सगळी पोती एका ताडपत्रीवर ओतायला लावली. पूर्वी बैलांवर धान्य लादून तांडा निघाला की वाटेत साऱ्यांची चूल एकच असे, हे त्यांनी सासूकडून ऐकलेले. त्या म्हणाल्या, "घरोघर गेलं तर कुणी इकंल, कुणी पाव्हण्याला दील. एका चुलीवर महिना निघतो. पन हितं जेवायचं आसंल तर दावण खाली करायची न्हाई, जनावर इकायचं न्हाई."

तरीही तांड्यातल्याच थावरा यांनी आपली गाभण गाय टेम्पोकडे नेली. मोतीबाईंनी त्यांच्या हातातली दोरी घेतली. "आदी जेव, मग इक," एवढेच बोलल्या.

थावरा जेवले. टेम्पो रिकामा गेला.

चूल चौतीस दिवस चालली. धान्य, वाहतूक आणि रांधणाऱ्या बायांची मजुरी धरून खर्च एक लाख अडतीस हजार रुपये. मजुरी धरली म्हणून बाया मला हसल्या. आजच्या बाजारभावाने त्या एकतीस जनावरांवर टळलेले नुकसान सहा लाख वीस हजार. हरभरा घरच्या बैलांनी वेळेवर पेरला गेला, ते वेगळे.

एकही जनावर विकावे लागले नाही हे दाखवायला आज सकाळी अकराच्या सुमारास तांड्याने सारी जनावरे ठाण्यासमोर आणली. हवालदारांनी स्वतः दोनदा मोजली. दोन्ही वेळा एकोणसाठ भरली. "बाई, तुमी तर अठ्ठावन्न म्हणता. एक जादा काहून?" असे त्यांनी मला विचारले.

मोतीबाई म्हणाल्या, "थावराच्या गायीचं लेकरू हाय, सायेब. त्याचा बी अंगठा घ्या."

तक्रारदार सोडून सर्व हसले. ठाणेदार साहेबांनी मोतीबाईंना जाण्यास सांगितले. त्या वासराला पुढे घालून, मुख्य रस्त्याने, मधोमध चालत गेल्या. मी फाटकाशी उभी राहून पाहिले.

टंकलेला जबाब मला वाचून दाखवला. शेवटच्या मोजणीत चुकून अठ्ठावन्न पडले होते, ते माझ्यासमोर खोडून एकोणसाठ केले. आता तो मी सांगितला तसा आणि बरोबर आहे.

सही
निर्मला र. इंगोले