ठिपक्यांचा सूट

हाडांच्या डॉक्टरांकडे माझ्यासमोरच्या बाकावर दोघी नर्तकी बसल्या होत्या. थोरलीचा घोटा बांधलेला, धाकटीचा गुडघा.

"ताई, नाच, नाटक, क्लास, सगळं कसं जमवता हो?"

"एकाच कामावर विसंबलं की पाय मोडल्यावर घरी बसायचं. हल्ली तर ठिपक्यांचा सूट घालून नाचते. कॅमेरे हालचाल टिपतात आणि गेममधली बाई तशीच चालते."

"मग घोट्याला काय झालं?"

"गेल्या महिन्यात स्टुडिओतून फोन आला. म्हणे, मॅडम, बाई डाव्या पायानं लंगडतेय. शूटिंगला तुमचा पाय दुखत होता का?"

"होता?"

"छे गं, ठणठणीत होता. आठ दिवसांनी जिन्यात घसरले. डावाच पाय."

"योगायोग हो."

"मीही तेच म्हटलं. आज सकाळी परत फोन. आता ती बाकावर बसून असते म्हणे."

"बरंय की, विश्रांती."

"शेजारणीशी बोलत असते. मग कुणी बोलावल्यासारखी उठते आणि दुसऱ्याच पावलाला कोसळते. पुन्हा उठत नाही."

"मशीन बिघडलं असेल."

"असेल."

"ताई, तुमचा नंबर पुकारला."

"तू जा गं आधी. मी बसलेली बरी."